पवळीचा चीक

“…पण मला मंत्र कधी देणार, बाबा?”

जालंदर हा रेवणबाबांचा शिष्य. मठात येऊन नऊ वर्षं झालेली, चार ग्रंथ तोंडपाठ आणि घमेंड त्याहून जास्त. आता त्याला स्वतःचा मठ काढायचा होता. गुरुमंत्रावाचून काढायचा कसा, एवढंच काय ते अडलं होतं.

बाबा गोठ्यात बसले होते. सकाळीच पवळी गाय व्याली होती. वासरू कान पाडून पडलेलं. उठू बघायचं, गुडघ्यांवर यायचं, की पुन्हा धप्पकन खाली.

“याला पाजलंस?” बाबांनी विचारलं.

जालंदर म्हणाला, नाही. घट्ट चीक वासराला बाधतो, हगवण लागते, असं त्याच्या घरी मानत. म्हणून त्यानं सगळा चीक कासंडीत काढून ठेवला होता. दुपारी गावची मंडळी येणार, त्यांना खरवस होईल. मोठा शहाणाच की!



बाबा म्हणाले, आजवर पवळीला काय काय झालं ते सांग. जालंदरला सगळं आठवत होतं, कारण सेवा त्यानंच केलेली. लाळ्या-खुरकूत झाली. घटसर्प झाला. गोचिडांच्या तापात तर सगळ्यांनी आशाच सोडली होती.

“तरी वाचली.”

“हो बाबा. चिवट आहे.”

“जो रोग अंगात शिरला, त्याच्याशी झुंजायला ती शिकली. ती सगळी विद्या आज चिकात उतरलीय. वासरू कोरं जन्मतं, जालंदर. पोटात असताना त्याला यातलं काही मिळत नाही. आज पाजलं तर अंगी लागेल. उद्या उशीर झालेला असेल.”

जालंदरनं कासंडीकडे पाहिलं. आत पिवळाधमक चीक… आपल्या हातून हे वासरू गेलं असतं, हे त्याला आत्ता कळलं.

बाबांनी बोट चिकात बुडवून वासराच्या तोंडात दिलं. ते चुटूचुटू चोखू लागलं. मग जालंदर पुढं झाला. मांडी घालून बसला आणि कासंडी रिकामी होईतो पाजत राहिला. पवळी वासराला चाटत होती.

खरंच, धन्य त्या गाईची! ना पोथी वाचली, ना कुणाचे पाय धरले. तीन-तीन दुखणी पचवली आणि त्यातून जे कमावलं ते जसंच्या तसं लेकराच्या तोंडी दिलं.

उन्हं वर आली तेव्हा वासरू उठलं. लटपटत आईपाशी गेलं आणि कासेला ढुशी देऊ लागलं.

जालंदरचे डोळे भरून आले. जरा वेळानं तो हळूच म्हणाला,

“केवढी विद्या मिळाली याला, पहिल्याच दिवशी… मी नऊ वर्षं मागतोय, बाबा.”

बाबा वासराकडे बघत राहिले…

“त्यानं विद्या मागितली नव्हती. त्याला भूक लागली होती.”