निष्पुष्पा

त्या राज्यात ज्याला वंशनाव होते ते झाड होते, आणि ज्याला नव्हते ते तण होते. तण उपटले जाई.

नावे नावघरात ठरत. बगळेसाहेब रानात फिरून एकेका झाडाची फांदी आणत, कागदात दाबून वाळवत आणि कसरबाईंकडे देत. कसरबाई म्हणजे जुन्या कागदांत राहणारा चपटा, चंदेरी किडा. त्यांनी बाहेरचे ऊन कधी पाहिले नव्हते. कागदावर जे दिसेल त्यावरून त्या जुन्या भाषेत नाव लिहीत. तेरड्याची पिकलेली शेंग जरा धक्का लागताच फुटते, म्हणून तो 'अधीर'. लाजाळू एखाद्या घाबरलेल्या प्राण्यासारखी अंग मिटते, म्हणून ती 'नकलाकार'. एका काटेरी झुडपाला बगळेसाहेबांच्या सासऱ्यांचे नाव होते. सासऱ्यांनी ते झुडूप पाहिलेले नव्हते, आणि झुडपाने सासऱ्यांना.

एकदा लिहिलेले नाव बदलत नसे. सूर्य कुठून उगवतो हे शिकण्याआधी प्रत्येक रोप आपल्या नावाचा अर्थ शिके.

डोंगराच्या उतारावर एका जातीची झुडपे दाटीने राहत. ती सात वर्षांतून एकदाच, सगळी मिळून फुलत, बी टाकत आणि मरत. मागच्या वेळी ती फुललेली असताना बगळेसाहेबांनी त्यांची एक फांदी नेली. काही महिन्यांनी नाव आले, 'निष्पुष्पा', म्हणजे फूल नसलेली. तोवर फुललेल्यांपैकी एकही झुडूप जिवंत नव्हते. त्यांच्या बियांतून उगवलेल्या रोपांनी ते नाव वाचले आणि पाठ केले. आपल्याला नाव आहे, आपण तण नाही, एवढ्याने ती सुखी होती.

सातव्या वर्षी थोरलीच्या पानांच्या बेचक्यात एक हिरवी गाठ आली. थोरली उतारावर सर्वांत उंच होती आणि तिचा शब्द सगळ्या मानत.

"गळू दिसतंय," ती म्हणाली.

शेजारचा तेरडा हसून हसून वाकला. "अगं, गळू कसलं? कळी आहे ती! मला दर वर्षी येतात."

"तुला येत असतील. तुझं नाव काय, आमचं नाव काय? आणि दम धर जरा, अधीर कुठला."

दोन दिवसांत सगळ्यांना गाठी आल्या. आठवड्यावर तपासणी होती. ज्याचे अंग नावाशी जुळणार नाही त्याचे नाव जाई, आणि पुढे काय होते ते सगळ्यांना ठाऊक होते. थोरलीने वाऱ्यात अंग झोकून पहिली गाठ खडकावर घासून काढली. मग रोज, वारा सुटला की, सगळा उतार खडकावर अंग घासू लागला.

फक्त खडकाच्या फटीतली धाकटी स्थिर उभी राहिली.

"ताई, मला दुखत नाहीये. उलट बरं वाटतंय."

"सुरुवातीला तसंच वाटतं."

"आणि ती खरंच कळी असली तर? घासून टाकली तर बी कुठून येणार?"

"निष्पुष्पेला बी कसलं?"

"मग आपण कुठून आलो?"

थोरलीने आणखी एक गाठ खडकावर घासली. मग म्हणाली, "असले प्रश्न तणाला पडतात."

धाकटीने आपली गाठ मोठ्या पानाखाली लपवली. तपासणीच्या सकाळी ती गाठ उमलली. ती निळी होती. तसा निळा रंग त्या उतारावर कोणी पाहिला नव्हता.

बगळेसाहेब एकेकीसमोर थांबत, मान डोलावत पुढे सरकत होते. ते फटीपाशी आल्यावर धाकटीने पान बाजूला केले.

"साहेब, आमचं नाव चुकलंय. बघा ना. अजून पुष्कळींच्या कळ्या शिल्लक आहेत. नाव बदललं तर त्या राहतील, नाहीतर पुढच्या वर्षी इथं कोणीच उगवणार नाही."

बगळेसाहेबांनी थोरलीकडे पाहिले.

"ही आमच्यातली नाही, साहेब," थोरली म्हणाली.

"बरोबर. नाव चुकत नसतं," बगळेसाहेब धाकटीला म्हणाले. "तू दुसरी कोणीतरी आहेस. तुझी नवीन नोंद करू."

धाकटीला तेवढेही पुरले. नोंद झाली म्हणजे फूल लिहिले जाईल, आणि लिहिलेले सगळ्यांना मानावेच लागेल. तिला मुळासकट उपटले तेव्हा ती ओरडली नाही. कागदात दाबली जाताना तिने सगळा जोर लावून फूल वरच्या बाजूला ठेवले, म्हणजे उघडताक्षणी दिसेल.

उतारावर त्याच दुपारी उरलेल्या कळ्या घासल्या गेल्या. वर्ष सरता सरता निष्पुष्पा आपल्या वेळेला वाळल्या. खाली नुसती माती होती.

नावघरात कसरबाईंनी नवा कागद उघडला. देठ होता, पाने होती, आणि अगदी वर फूल होते, अजून मऊ. कसरबाईंनी सकाळपासून काही खाल्ले नव्हते. फूल संपल्यावर त्यांनी मिशा पुसल्या, लेखणी शाईत बुडवली, कागदावर उरलेले सगळे नीट निरखून पाहिले, आणि जसे दिसत होते तसे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले.