गुडघ्याशी टांगलेले वडील

घरात शिरताच मी म्हणाले, "भिंतीला ओल आहे." कुणाला पटलं नाही. बायकोच्या नाकावर कोण विश्वास ठेवतं?

जुनी घरं घ्यायची आणि डागडुजी करून विकायची, हा आम्हा नवराबायकोचा धंदा. या घराच्या बयाण्यासाठी माझ्या पाटल्या मोडल्या होत्या. ती रक्कम खिशात घेऊन आमचे 'हे', घरमालक मनोहरराव डांग्यांपुढे नव्या जावयासारखे लाजत उभे.

मनोहरराव छाती काढून म्हणाले, "माझ्या वडिलांनी स्वतः उभं राहून बांधलंय. ओल कसली, वहिनी? तुम्हाला सर्दी झाली असेल."

ताज्या रंगाच्या त्या भिंतीवर वडिलांचा भलामोठा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. टांगला होता माझ्या गुडघ्याशी.

"एवढा खाली का हो?" मी विचारलं.

"नातवंडांना पाया पडता यावं म्हणून."

"वा, काय संस्कार. पण एवढ्या मोठ्या माणसाकडे आम्ही वाकून बघायचं, हे काही बरं नाही. थांबा, मी वर लावते."

वडिलांचा मान वाढतोय म्हटल्यावर मुलगा नको कसं म्हणणार? मी फोटो उचलला. मागे भिंत काळीठिक्कर. बोट लावताच गिलावा सुटून मनोहररावांच्या बुटांवर पडला.

आमच्या ह्यांनी खिसा मुठीत धरला.

"पायाच कच्चा घातला, त्याला मी काय करू?" मनोहरराव पुटपुटले.

"कुणी घातला?"

माझ्या हातातल्या फोटोकडे न बघता ते म्हणाले, "कैलासवासी आनंदराव डांगे."