ताकाच्या गाण्यातला घसरलेला सूर

एका राज्यात निळोपंत नावाचे गवई होते. सुरांचे पक्के होते आणि त्याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. घरी बायको कुमुद, सहा वर्षांची मंजिरी आणि एक बोलकी साळुंकी. कुमुद रोज ताक घुसळताना एकच गाणे म्हणे, आणि एका ठिकाणी तिचा सूर हटकून खाली घसरे.

"पुन्हा बेसूर!" पंत ओरडत.

"मग कान झाका," ती म्हणे. मंजिरी खोखो हसे. असे रोज चाले.

एके दिवशी राजाने फर्मावले, "वसंतोत्सवाला परीकथेचे संगीत नाटक हवे. नवे हवे, तीन अंकी हवे. दरबारात सूर चुकेल तो राज्याबाहेर जाईल, हे ध्यानात असू द्या."

महिना सरला तरी पंतांना एक ओळ सुचेना. मग ते काळ्या डोंगरावरच्या मांत्रिकाकडे गेले. त्याने मोरपिसाची लेखणी पुढे केली.

"घरात ऐकशील ते लिही. राजा डोलेल."

"बदल्यात काय देऊ?"

"ते माझे मी घेईन."

शहाण्या माणसाने इथेच उठावे. पंत लेखणी घेऊन घरी आले.

पहिल्या अंकात त्यांनी कुमुदचे गाणे परीराणीच्या तोंडी घातले. घसरणारा सूर मात्र सुधारून लिहिला. राजापुढे घरची लाज कशाला काढायची? दुसऱ्या अंकात मंजिरीचे हसू झऱ्याला दिले. तिसऱ्यात नवराबायकोची भांडणे राक्षस आणि राक्षसिणीला वाटून टाकली. नाटक फार सुंदर झाले.

आणि घर मुके झाले. कुमुद गाणे विसरली. मंजिरीला गुदगुल्या केल्या तरी ती नुसती पाहत राही. पंतांनी मुद्दाम चिखलाचे पाय घरभर उमटवले, तर कुमुदने ते निमूट पुसून काढले.

साळुंकी म्हणाली, "पंत, ही लेखणी जे टिपते ते घरात ठेवत नाही."

पंतांनी लेखणी जाळली. ती आगीतून लखलखत निघाली. नदीत फेकली, ती उलटी पोहत परत आली. जमिनीत पुरली, तिथे मोरपिसांचे झुडूप उगवले आणि मधोमध ती उभीच. पंत उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडले.

"लेखणीने न टिपलेले घरात काही उरले आहे का?" साळुंकीने विचारले. "असेल तर ते भर दरबारात गा. लेखणी मरेल."

आत कुमुद ताक घुसळत होती. घुसळता घुसळता तिच्या गळ्यातून एकच सूर निघाला, खाली घसरलेला. तोच, पंतांनी सुधारून टाकलेला.

उत्सवाच्या दिवशी लेखणी कमरेला खोचून परीराणीचे गाणे गायला पंत स्वतः उभे राहिले. कुमुद आणि मंजिरी बायकांच्या रांगेत गप्प बसल्या होत्या. गाण्यात सूर घसरायची ती जागा जवळ आली. जन्मात पंतांचा सूर चुकला नव्हता. त्यांनी कुमुदकडे पाहिले आणि सूर तिच्यासारखा खाली सोडला.

राजा उठला. "निळोपंत, सूर चुकला."

"नाही, महाराज. आमच्या घरी हे गाणे असेच आहे. चूक लिहिताना झाली. शिक्षा त्याची द्यावी."

त्यांच्या कमरेची लेखणी तडकली आणि तिची राख झाली. बायकांच्या रांगेतून गाण्याची पुढची ओळ आली. कुमुद गात होती. मंजिरी एवढी हसली की तिला उचकी लागली.

राजा हळूच खाली बसला. त्याला आपली आई आठवली होती, आणि तीही कधी सुरात गायली नव्हती.

"तो नियम आजपासून मोडीत निघाला," तो म्हणाला. "गाणे पुढे चालू द्या."

घरी जाताना कुमुद कडाडली, "दहा वर्षं मला बेसूर म्हणालात ना? आणि ते चिखलाचे पाय! मी काय तुमची मोलकरीण आहे?" वेशीपासून दारापर्यंत तिचे तोंड थांबले नाही. पंत डोळे पुसत प्रत्येक शब्दाला मान डोलावत होते.

ते नाटक त्या राज्यात अजूनही रंगते. परीराणीची ती जागा आली की सारी सभा मिळून सूर खाली सोडते. कुणी चुकून बरोबर गायलाच, तर त्याला गाणे पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावतात.