तुळोजीरावांच्या काठीची शिकवणी

भोकापासून अवघ्या दोन हातांवरचा चेंडू तुळोजीराव महाराजांनी ढकलला, आणि तो भोकाला अर्धी प्रदक्षिणा घालून पलीकडे निघून गेला!

"काठी चुकली!" महाराज गरजले.

ही एक्केचाळिसावी काठी. गोल्फच्या खेळात हिरवळीवरून चेंडू भोकात ढकलायला जी चपट्या तोंडाची काठी लागते, तिला पटर म्हणतात. चिंचोर संस्थानच्या या महाराजांनी विलायतेहून चाळीस पटर मागवले होते. पितळी, पोलादी, एक तर हस्तिदंती मुठीचा! चाळीसही चुकले. गेल्या दसऱ्याला शेजारच्या निंबोरीचे रत्नोजीराजे असल्याच एका चेंडूवर पैज जिंकून महाराजांचा लाडका हत्ती घेऊन गेले होते.

एक्केचाळिसावी काठी साहेबी काठीबरहुकूम घडवली होती धोंडू सुताराने. महाराजांनी त्याला हिरवळीवरच उभा केला.

"धोंडू, दसऱ्याच्या पैजेत हत्ती परत जिंकायचाय, आणि तीन आठवडे उरले. माझ्या हातून चुकणार नाही अशी काठी दे! नाहीतर तुझं दुकान बंद आणि तू हद्दीबाहेर!"

धोंडूची बोबडी वळली. "स... सरकार, आपण जरासा सराव..."

"सराव? राजा शिकूनच जन्माला येतो! शिकायचं असेल ते काठीनं शिकावं!"

धोंडूच्या मागे त्याची मुलगी सगुणा हत्यारांची पिशवी घेऊन उभी होती. रंधा मारण्यात बापाला मागे टाकणारी, आणि जीभ पटाशीसारखी धारदार. महाराजांचं बोलणं ऐकून तिला हसू फुटलं. तिने ते पदरात कोंबलं आणि ती पुढे आली.

"खरं बोललात, महाराज! काठीच अडाणी आहे. तिला शिकवू! पण आधी ती अंगाच्या बेताची हवी. उभे राहा बघू नीट!"

"अगं, महाराजांना हुकूम करतेस?" दिवाणजी किंचाळले.

"मग माप काय बसून द्यायचं, दिवाणजी?"

महाराज उभे राहिले. मूर्ती ठेंगणी, काठी मात्र कुणा ताडमाड साहेबाची. वरचं टोक दर टोल्याला त्यांच्या पोटात रुतत होतं! सगुणाने त्यांना हात सैल सोडायला लावले आणि मनगटापासून जमिनीपर्यंत दोरी धरली. मग पिशवीतून ओळंबा, म्हणजे वजन टांगलेली दोरी, काढून तिचं वरचं टोक थेट महाराजांच्या दोन भुवयांमध्ये टेकवलं. खालचं वजन चेंडूपासून वीतभर अलीकडे लोंबत राहिलं.

"नजर इथं आणि चेंडू तिथं! मग वाट सरळ दिसणार कशी? चेंडू डोळ्याखाली आला पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी नवी काठी आली. वीतभर आखूड, सागवानी दांड्याची, तोंडात शिसं भरलेली. महाराजांच्या हातात ती अशी बसली की त्यांची कळीच खुलली.

"आता शिकव हिला!"

"मी?" सगुणाने कानांवर हात ठेवले. "मी शिकवली तर ती सुताराची चाल शिकेल! भर दसऱ्यात रंधा मारायला लागली तर? राजाची चाल राजानेच शिकवायची, जी!"

हे महाराजांना पटलं. शिकवणी सुरू झाली.

"पहिली इयत्ता," सगुणा म्हणाली, "एका हाताच्या अंतरावरून लागोपाठ पन्नास चेंडू. एक चुकला की पुन्हा एकपासून!"

सत्तेचाळिसावा चुकला. महाराजांनी काठीचा कान पिळला. काठीचा कान कुठे असतो, हे विचारायची दिवाणजींची छाती झाली नाही!

"मठ्ठ! डोकं वर का करतेस?" महाराज काठीवर ओरडले.

"तुमचं बघून करते, महाराज. तुम्ही खाली ठेवा, तीही ठेवील. चेंडू पडला की नाही ते डोळ्यांनी बघायचं नाही, कानांनी ऐकायचं! आणि जेवढी मागे, तेवढीच पुढे. पाळणा हलवतात तशी!"

दुसऱ्या आठवड्यात दोन हात. तिसऱ्यात चार. दरबार भरेना, कारण काठीची परीक्षा होती! महाराज तिला दटावत, चुचकारत, शाबासकी देत. इकडे धोंडूने मात्र हद्दीबाहेर जायच्या तयारीने करवती गोणपाटात बांधून ठेवल्या होत्या. चार हातांवरून अजून दहातले दोन चुकतच होते.

दसरा उजाडला. शेवटच्या भोकापर्यंत दोन्ही राजे बरोबरीत! महाराजांचा चेंडू थांबला चांगला सहा हातांवर. सगुणाने डोळेच मिटले. महाराज वाकले आणि काठीला हळूच म्हणाले, "घाबरू नकोस हं, बाळ!"

पाळणा मागे गेला, पुढे आला. महाराजांनी मान वर केली नाही.

टपक्!

एकच जल्लोष झाला! हत्ती चिंचोरला परत आला. पण रत्नोजीराजांनी ती काठी हिसकावून घेतली. "बघू ही जादू!" त्यांनी दोन हातांवरून चेंडू ढकलला. चुकला. पुन्हा चुकला. तिसरा तर दिवाणजींच्या जोड्यात शिरला!

"ही काठी चुकते! तुम्हाला फसवलंय, तुळोजीराव!"

महाराजांच्या भुवया चढल्या. "पोरी, तीन आठवडे घसा फोडून शिकवलं मी हिला! ते शिक्षण गेलं कुठे?"

धोंडूने देवाचा धावा सुरू केला. सगुणाने हात जोडले.

"महाराज, लाकूडच ते! त्याच्या टाळक्यात काय शिरणार? एवढा जीव तोडून शिकवलंत, की विद्यार्थी नापास झाला आणि गुरुजी पहिले आले!"

महाराजांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग असे खदखदून हसले की त्यांना हिरवळीवर बसावं लागलं! रत्नोजीराजेही पोट धरून त्यांच्या शेजारी बसले.

हसू ओसरल्यावर महाराजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून सगुणाच्या हातात घातलं, धोंडूला दरबारी सुतारकीची सनद दिली, आणि रत्नोजीराजांनी तिथल्या तिथे आपलं माप द्यायला हात सैल सोडले!