सूट मागणाऱ्याचा तास

“म्हणजे जे मला येतं, तेच मी पुन्हा शिकायचं का, अप्पाजी?”

संगमेश कोरे हे उभ्यानंच विचारत होता. बैस म्हटलं तरी बसेना. फोन खिशातून काढायचा, बघायचा, परत ठेवायचा.

आमच्या मठाचं एमबीएचं कॉलेज आहे. ज्यांनी आधी कॉमर्स घेतलेलं नसतं, त्यांना मुख्य अभ्यासाआधी एक सत्र पायाचे विषय शिकावे लागतात. त्यातलं हिशेबशास्त्र आमचे मठाधीश अप्पाजी स्वतः शिकवतात. मठाची वस्त्रं घेण्याआधीही ते तेच शिकवायचे. त्या विषयातून कोणाला सूट द्यायची, हेही तेच ठरवतात.

संगमेश इंजिनिअर. गडहिंग्लजकडे वडिलांची फाउंड्री. वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले, तेव्हापासून कारखाना चुलत्यांच्या हातात होता, आणि चुलत्यांना तो विकायचा होता. पोरगा शिकून येईपर्यंत थांबतो, एवढा शब्द त्यांनी कसाबसा दिला होता. एक सत्र वाढलं असतं, तर तो शब्द टिकला नसता.

त्यानं सगळं सांगितलं. गणितातून सूट मिळाली, संख्याशास्त्रातून मिळाली, एवढा एकच विषय अडला आहे. कारखान्याचा ताळेबंद तो स्वतः बघत आला आहे. ऑनलाइन परीक्षाही दिली आहे. त्यानं प्रमाणपत्र पुढं केलं.

अप्पाजींनी ते घेतलं नाही. उलट त्याच्याच हातात खडू ठेवला.

“आजचा तास तू घे.”

मठाची ही रीतच आहे. ज्याला सूट हवी, त्यानं तो विषय नव्या मुलांना एक तास शिकवायचा.

“एवढंच?” संगमेश हसला.

“एवढंच.”

अप्पाजी मागच्या बाकावर मुलांमध्ये जाऊन बसले.

शिकवलं त्यानं चांगलं, खोटं कशाला बोलू. फळ्यावर ताळेबंद मांडला. एका बाजूला मालमत्ता, दुसऱ्या बाजूला देणी. अक्षर सुरेख. फक्त फार भराभर बोलत होता, गाडी चुकेल अशा घाईनं. मुलं माना डोलवत होती. अप्पाजीही डोलवत होते.

मग नाझनीननं हात वर केला. ती नर्सची नोकरी सोडून आलेली, हिशेबाच्या नावानं घाबरणारी पोर.

“सर, मालकानं घातलेलं भांडवल देण्यांच्या बाजूला कसं? पैसे तर त्याचेच ना?”

संगमेश फळ्याकडे वळला. भांडवलाच्या आकड्याखाली त्यानं खडूनं एक रेघ ओढली. हे त्यानं शंभर वेळा मांडलं असेल. वडिलांच्या नावासमोरचा आकडा दर वर्षी त्याच बाजूला लिहिला असेल…

“तसा नियम आहे,” तो म्हणाला.

“बरं.”

ती खाली वाकली आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं. तिच्या शेजारणीनं लिहिलं. मग सगळ्यांनीच लिहिलं.

संगमेश त्या वाकलेल्या माना बघत उभा राहिला. त्यानंतर तो काय बोलला, हे त्याला सांगता आलं नसतं. तास संपल्यावर फळा पुसायलाही विसरला.

ओसरीवर आला तेव्हा अप्पाजींनी त्याच्या अर्जावर सही करून ठेवली होती.

“सूट दिलीत?”

“दिली. तुला विषय येतो.”

“नाझनीनला मी उत्तर दिलं नाही, अप्पाजी.”

“दिलंस की. तिनं लिहून घेतलं.”

संगमेशचा चेहरा उतरला. अर्ज त्यानं अप्पाजींपुढं सरकवला. हा परत घ्या, म्हणाला, मी पायाच्या वर्गात बसतो.

“आणि फाउंड्री?”

त्याचा हात अर्जावरच राहिला. त्याला तो ठेवताही येईना आणि उचलताही येईना. खिशातला फोन वाजू लागला. चुलत्यांचं नाव बघून त्यानं तो उचलला नाही. ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो गेला, परत आला, पुन्हा गेला.

अप्पाजींनी त्याला थांबवलं नाही. दमेल तेव्हा येईल, म्हणून बसून राहिले. अखेर तो समोर येऊन उभा राहिला, तसा अर्ज त्यांनीच घडी करून त्याच्या खिशात घातला.

“मुख्य वर्गाला उद्यापासून जा. माझा तास त्याच्या आधी असतो, सकाळी लवकर. त्यालाही ये.”

संगमेशला काही कळेना.

“सूटही द्यायची आणि वर्गातही बसवायचं? मग सूट मिळून उपयोग काय, अप्पाजी?”

अप्पाजी उठले. जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“ज्यांना सूट नाही, ते तर बसतातच रे बाळा, बसावंच लागतं म्हणून.”