चौकशीला बंदी

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली तिथल्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि त्यावाचून आपलं काही अडतही नाही. त्या राज्यात घाटाच्या पायथ्याशी एक लहानशी पेठ होती. पेठेला वेस होती, वेशीच्या आत एकच लांब रस्ता होता, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरांचे ओटे होते.

तिथल्या लोकांना एक खोड होती. ओट्यावर बसलेला माणूस रस्त्यानं जाणाऱ्याला काही ना काही विचारल्याशिवाय सोडत नसे. कुठं निघालात, पिशवीत काय, लेक आली का माहेरी, खोकला थांबला का. याला ते चौकशी म्हणत. चौकशीत सगुणाआत्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. वेशीजवळच्या पहिल्याच ओट्यावर ती वाती वळत बसायची, आणि समोरून एखादी म्हैस गेली तर तिलाही विचारायची, "आज एकटीच गं?" लोक हसत, कधी वैतागत, पण उत्तर देत.

एका बाजारच्या दिवशी देवळातली समई चोरीला गेली. पेठ खवळली. नेमका त्याच वेळी परगावचा एक कासार बांगड्यांचा हारा डोक्यावर घेऊन वेशीकडे निघाला होता. कुणीतरी ओरडलं, "हाच तो." झालं, जमाव त्याच्यावर तुटून पडला. हाऱ्यात बांगड्यांखेरीज काही नाही हे कळलं, तोवर बांगड्यांचा चुरा झाला होता आणि कासाराचा हात मोडला होता. मोडका हात छातीशी धरून तो निघून गेला. पुढे कित्येक दिवस त्या रस्त्यावर अनवाणी पायांत काचा रुतत होत्या. काच रुतली की माणूस कुणाकडे न बघता ती उपसून टाकायचा आणि पुढे व्हायचा.

पेठेच्या पाटलांना ही गोष्ट फार लागली. पुन्हा असं घडू द्यायचं नाही, असा त्यांनी निश्चयच केला. चावडीवर पंच बसले, बराच खल झाला. डोंगरापलीकडून पहारेकरी आणायचे ठरलं, म्हणजे त्यांना इथं ना कुणी सगा, ना कुणी वैरी. लोकांनी कायदा हातात घ्यायचा नाही, हेही ठरलं. इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो दवंडीत.

"ऐका हो ऐका, आजपासून कुणी कुणाची चौकशी करायची नाही. चौकशी पहारेकरी करतील. जो मोडील, तो दिवसभर चावडीवर उभा राहील."

पंचांना म्हणायचं होतं, चोराची चौकशी. पण शब्द एकच होता, आणि पेठेत खोकल्याची चौकशीही चौकशीच होती. पहारेकरी तर परके. त्यांनी दवंडीतला शब्द जसाच्या तसा उचलला.

पहिल्याच दिवशी सगुणाआत्यानं भाजीवालीला तिच्या सुनेची तब्येत विचारली. पहारेकऱ्यांचा नाईक सरळ माणूस होता. त्यानं आत्याला अदबीनं चावडीवर नेलं आणि ऊन उतरेपर्यंत उभं केलं. सगळ्या पेठेनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून आत्या रस्त्याकडे पाठ करून वाती वळू लागली, आणि जिथं आत्याची डाळ शिजली नाही तिथं इतरांची काय कथा? ओटे गप्प झाले. भांडणं थांबली, चहाड्या थांबल्या. पेठ शांत झाली, आणि पाटलांना वाटलं, सुरक्षित झाली.

आत्याच्या समोरच्या घरात एक म्हातारा तांबट एकटाच राहत असे. सकाळ झाली की त्याच्या हातोडीचे ठोके सुरू होत. एका सकाळी ते ऐकू आले नाहीत. ही गोष्ट प्रत्येकाच्या लक्षात आली. येणारे जाणारे त्या दाराकडे बघत आणि पुढे जात. काय झालं म्हणून विचारणं म्हणजे चौकशी. पहारेकऱ्यांनीही ते दार पाहिलं, पण बंद दारानं कुठलाच नियम मोडलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक अनोळखी माणूस ते दार ढकलून आत गेला आणि तांब्याच्या भांड्यांचं बोचकं पाठीवर टाकून बाहेर आला. रस्ताभर ओट्यांनी त्याला पाहिलं. आत्यानं मान वळवून पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. वेशीत नाईकानं त्याला रीतसर विचारलं, कोण, कुठला, काय नेतोस. "कल्हईला नेतोय," तो म्हणाला. नाईकानं सोडलं. पेठेतलं शेंबडं पोरही हसलं असतं, कारण कल्हईवाला बाजारच्या दिवशी स्वतःच चिंचेखाली येऊन भट्टी लावायचा. पण नाईक डोंगरापलीकडचा, आणि त्याला सांगणार कोण?

त्या दिवशी आत्याच्या मनाला ते दार खात राहिलं. सकाळी ती उठली, पदर खोचला आणि ठरवून टाकलं, उभं करतील तर करोत. रस्ता ओलांडून तिनं पहारेकऱ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली.

"तांबटदादा, काय झालं रं तुला?"

उत्तर आलं नाही. तिनं दार ढकललं. तांबट ऐरणीजवळ पडला होता. अंग तापानं फणफणलेलं, ओठ सुकलेले, माठ कोरडा. आत्यानं त्याला चमच्याचमच्यानं पाणी पाजलं, ओरडून शेजारी गोळा केले, वैद्याला आणवलं. वैद्य म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर माझं इथं काही काम उरलं नसतं.

तोवर नाईक दाराशी येऊन उभा राहिला होता. त्याला वाईट वाटत होतं, पण नेमून दिलेलं काम तो टाळणारा नव्हता. "आत्याबाई, नियम मोडलात. चला."

"चल की. मीच येणार होते," आत्या म्हणाली.

चावडीवर सगळी पेठ लोटली. पाटलांनी समजुतीनं घेतलं. माफी माग, म्हातारपण बघून सोडून देऊ, असं ते म्हणाले. आत्यानं मान हलवली. "माफी कशाची? उद्या कुणाचं दार बंद दिसलं, तर उद्याबी विचारीन. मला रोज उभं करा."

पाटील दुखावले. "आत्या, त्या कासाराचा मोडलेला हात विसरलीस का? पुन्हा तसं होऊ नये, म्हणून तर हा नियम."

"त्या कासाराला आपण काही विचारलं होतं का, पाटील?" आत्या म्हणाली. "कुठला तू, हाऱ्यात काय, एवढं जरी कुणी विचारलं असतं, तरी त्याचा हात वाचला असता. जन्मभर म्हशींना विचारत आले, आन् त्या दिवशी माझीबी वाचा बसली. चौकशीनं त्याला मारलं नाही. चौकशी झालीच नाही, म्हणून त्यानं मार खाल्ला. गुन्हा हातांनी केला, आन् तुम्ही शिक्षा जिभेला दिली."

मग नाईकच पुढे झाला. भांडी नेणाऱ्याला आपणच जाऊ दिलं, हे त्यानं न लपवता सांगितलं, आणि म्हणाला की मला माणसंच ओळखू येत नाहीत, तर मी राखू काय?

पाटील उठले आणि तडक तांबटाकडे गेले. त्याच्या उशाशी बसून त्यांनी, पेठेत कैक दिवसांनी, विचारलं, "कसं आहे?"

तांबट हळू आवाजात म्हणाला, "भांड्यांचं काही नाही, पाटील. पुन्हा घडवीन. पण इथं पडल्या पडल्या रस्त्यानं चपला वाजताना ऐकत होतो. प्रत्येक चप्पल ओळखत होतो मी. तुमचीसुद्धा."

पाटील परत आले ते वेगळेच होऊन. पंचांना त्यांनी पुन्हा बसवलं. एक जुना व्यापारी पंच अडून बसला. तोंडं सुटली की हातही सुटतात, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पाटील म्हणाले, "सुटले, तर मधे पहिला मी उभा राहीन. पण हा नियम आज बदलल्याशिवाय मी इथून उठणार नाही."

नवी दवंडी पिटली. विचारायचं सगळ्यांनी, हात उगारायचा कुणी नाही. धरायचं ते पहारेकऱ्यांनी आणि न्याय चावडीवर. शिवाय प्रत्येक पहारेकऱ्यानं रोज एका ओट्यावर बसून माणसं ओळखायला शिकायची. नाईकाच्या वाट्याला आत्याचा ओटा आला. बिचाऱ्याला वातीही वळाव्या लागल्या.

भांडी नेणाऱ्या चोराला पेठेची चटक लागली होती. पुढच्या बाजाराला तो वेष पालटून पुन्हा आला. पहिल्या ओट्यावर त्यानं मामाकडे आलोय म्हणून सांगितलं. पुढच्या ओट्यावर मामाचं गाव बदललं, आणि त्याच्या पुढच्या ओट्यापाशी मामाची आत्या झाली. लोक भोवती जमले. कुणाची तरी काठी वर गेली. पाटील बोलल्याप्रमाणे मधे येऊन उभे राहिले, आणि काठी खाली आली. नाईकानं चोराला बांधलं. देवळातली समईही त्यानंच नेली होती. ती मिळाली, तांबटाची भांडीही मिळाली.

मग पाटील स्वतः त्या कासाराच्या गावी गेले आणि हात जोडून त्याला पेठेत यायची विनंती करून आले. तो लगेच आला नाही. बऱ्याच दिवसांनी एकदा हारा डोक्यावर घेऊन तो वेशीशी आला आणि बाहेरच थबकला. त्याचा हात वाकडाच राहिला होता.

ओट्यावरून आत्यानं हाक दिली, "कुठला रं बाबा तू? हाऱ्यात काय आणलंस? आन् जेवलास का?"

कासारानं डोक्यावरचा हारा सावरला. मग त्यानं वेस ओलांडली, आत्याच्या ओट्यावर हारा उतरवला, आणि गाव सांगितलं, बांगड्या दाखवल्या, अजून जेवलो नाही म्हणाला.

तात्पर्य: पहारा वेस राखतो, पण माणूस राखते ती शेजाऱ्याची चौकशी, म्हणून नियमानं हात बांधावेत, जीभ बांधू नये.