राखवाली कोंडाई

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर खडकवेळ्याच्या नदीला तेव्हा पूल नव्हता, पलीकडच्या माळावर वाघ होता आणि या मुलखाला एक राजा होता. राजाचं नाव विचारू नका. ते कुणालाच आठवत नाही. कोंडाईचं मात्र इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

कोंडाई परटीण. गावाचे कपडे धुणं हे तिच्या घराचं काम, आणि कपडे भट्टीला घालायचे तर राख हवी. म्हणून रोज सकाळी ती पाटी घेऊन घरोघर जायची आणि चुलीतली राख भरून आणायची. एकशे चाळीस घरं, एकशे चाळीस चुली. राख चाळता चाळता तिची नजर अशी तयार झाली, की चिमूटभर राख बोटांत धरून ती सांगू शकली असती, काल या चुलीवर काय शिजलं. भाकरी झाली असेल तर करपलेला पापुद्रा राखेत पडतोच. भात झाला असेल तर पेज उतू जाऊन राखेची ढेकळं होतात. सांगू शकली असती म्हणतो, कारण तिनं कधी सांगितलं नाही. सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कोंडे, राख न्यायची, राखेतलं न्यायचं नाही." सगळ्या गावाची घरं त्या बाईच्या पोटात होती आणि ओठावर एकही आलं नाही, असं म्हणतात.

राजा मोठा लढवय्या. तीन राजे त्यानं धुळीला मिळवले होते. पण फौज काय वारा खाऊन लढते? गावोगावचं धान्य पेवांत, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारांत भरलं गेलं, पेवांच्या तोंडावर शिळा बसल्या आणि शिळांवर राजाची मोहोर. धान्य गावाच्या पायाखाली आणि गाव उपाशी, अशी तऱ्हा झाली.

आणि आपल्या माणसांचा स्वभाव मी तुम्हाला काय सांगायचा! मरतील, पण शेजाऱ्याला कळू देणार नाहीत. घरात दाणा नसला तरी बाया वेळेवर चूल पेटवायच्या, वर मडकं चढवायच्या आणि त्यात नुसतं पाणी उकळत ठेवायच्या. शेजारीण तो धूर बघून म्हणायची, यांचं बरं चाललंय, भूक काय ती आपल्याच घरी. मग लाजेनं तीही पाण्याखाली जाळ घालायची. असा सगळा गाव एकमेकांना फसवत होता. खरं ते एकट्या कोंडाईला माहीत. तिच्या पाटीत आता नुसती भुरभुरीत राख यायची, ना पापुद्रा, ना ढेकूळ.

कुंभाराची सून मंजुळा बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. बाळंतिणीच्या चुलीपाशी एरवी तुपाचा, सुंठीचा वास यायचा. मंजुळाच्या चुलीला कसलाच वास नव्हता. तिचं दूध आटलं होतं. बाळ रडायचं, आणि रोज त्याचा आवाज थोडा थोडा खाली जात होता. कोंडाई आपल्या वाटची कण्यांची पेज पदराआड नेऊन द्यायची. पण तिची तरी पेज किती दिवस पुरणार?

अशात राजाच्या मनानं घेतलं, की खडकवेळ्याच्या टेकडीखाली, जिथून सगळ्या मुलखाची वाट जाते, तिथं कीर्तिस्तंभ उभारायचा. स्तंभावर कोरायचं, 'या राज्यात एकही चूल विझत नाही.' पण दगडावर खोटं कोरू नये, एवढी लाज त्याला होती. तो म्हणाला, आधी मी डोळ्यांनी बघेन. राजाच्या हवालदारानं लगेच पाटलाला दम भरला, की राजा टेकडीवर येईल त्या सकाळी प्रत्येक घरातून धूर निघाला पाहिजे. गावाला त्यात नवीन काय होतं? राजा आला. एकशे चाळीस धूर बघून त्याचे डोळे भरून आले, असं म्हणतात. त्यानं हुकूम सोडला, पाचशे पाथरवट आणा, आणि त्यांच्या पोटासाठी इथलं पेव उघडा.

हुकूम कोंडाईच्याही कानावर आला. पेव पाथरवटांनी खाल्लं, तर मंजुळाचं बाळ गेलंच. ते गेलं की दुसरं कुणाचं तरी. सांगावं तर घरोघरची अब्रू चव्हाट्यावर येते, न सांगावं तर घरंच राहत नाहीत. बिचारी तशीच भट्टीपाशी बसून राहिली. मग उठली. त्या दिवशी प्रत्येक घरची राख तिनं उचलली, पाटलाचीही, आणि टेकडीच्या पायथ्याशी, जिथं स्तंभाचा चौथरा आधीच बांधून झाला होता, तिथं सगळी एका ढिगात ओतली. काठीनं ढवळून ढवळून एक केली. मग चाळण घेऊन राजापुढं उभी राहिली.

"महाराज, धूर तुम्ही लांबून बघितलात. राख जवळून बघा. यात शिजल्याची खूण सापडली, तर खुशाल कोरा."

हवालदार काठी उगारून धावला. राजानं त्याला थांबवलं आणि विचारलं, "कुणाच्या चुली उपाशी आहेत त्यांची नावं सांग. त्यांना मी धान्य देतो."

"नावं नाही सांगायची, महाराज. भूक सोसली त्यांनी, नाव घेतलेलं नाही सोसायचं. आणि राख एक केलीय. आता मलाही ओळखता यायची नाही."

राजा रागावला. म्हणाला, "शेजारचे राजे स्तंभाची उंची बघून मान वाकवतात. राख कोण बघतं?"

"आम्ही बघतो," कोंडाई म्हणाली. "आम्ही इथं राहतो ना."

राजा ढिगापाशी बसला. त्यानं चाळण घेतली. एकशे चाळीस घरांच्या राखेत एक पापुद्रा निघाला, नखाएवढा. तो कुणाच्या घरचा ते पाटलानं ओळखलं असावं, कारण तो जमिनीकडं बघू लागला. राजाला पटेना. तो चाळत राहिला. तेव्हा वारा सुटला आणि आसपासच्या गावांची राख उडत येऊन त्याच ढिगावर पडू लागली. राजा चाळत होता आणि ढीग वाढत होता. तिसऱ्या दिवशी ढीग स्तंभाच्या नेमलेल्या उंचीला पोचला, तेव्हा राजानं चाळण खाली ठेवली. त्याचे केस पांढरे झाले होते. ते राखेनं की कशानं, कुणी सांगावं? तो उठला, पेवाशी गेला आणि आपली मोहोर त्यानं आपल्या हातानं फोडली, असं म्हणतात.

धान्य घरोघर सारखं वाटलं गेलं, त्यामुळे कुणाला किती गरज होती ते कुणालाच कळलं नाही. चार दिवसांनी कोंडाई मंजुळाकडं राख न्यायला गेली. चुलीत पेज उतू जाऊन ढेकळं झाली होती. कोंडाई तिथंच बसली आणि पोटभर रडली. आत बाळ तिच्याहून मोठ्यानं रडत होतं.

स्तंभ झाला नाही, चौथरा तेवढा राहिला. आता गॅस आले, राख मिळायची पंचाईत. तरी खडकवेळ्यात प्रत्येक घरी एका डब्यात मूठभर राख जपून ठेवलेली असते. ज्याचं घर अडतं, तो उजाडायच्या आधी चौथऱ्यावर ती मूठ ठेवून जातो. ज्याला दिसते तो घरातलं धान्य आणून तिथं ओततो, मग दुसरा, मग तिसरा. दुपारी सगळा गाव घटकाभर दारं लावून आत बसतो, म्हणजे नेणाऱ्याला कुणाच्या नजरेस न पडता नेता येतं. चौथऱ्यावर राख असेल त्या दिवशी गावात झेंडा चढत नाही, यात्रेचा नाही की कुठलाच नाही.

मागं एकदा एक मंत्री आले होते. गावाला कसलासा थोरपणाचा मान मिळाला होता आणि त्याचा फलक लावायचा होता. नेमकी त्याच सकाळी चौथऱ्यावर मूठभर राख. सरपंचबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, "साहेब, जरा थांबावं लागेल. आज आमचं गाव थोर नाही." मग दुपार होत आली तशी त्यांनी साहेबांना आपल्या घरात नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि दार लावून घेतलं.